दोन येझदी, एक आरसी बुक

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. मगरिबची नमाज आटोपून घरी आलो आणि मोबाइल पाहिला, तर एकाच अनोळखी नंबरवरून सहा मिस्ड कॉल. परत फोन लावला. पलीकडचा आवाज म्हणाला, "सर, ओळखलं का? नववी ब, शेवटचा बाक."

ओळखलं. आवाज जाड झाला होता, पण बोलण्याची घाई तीच होती.

"सर, माझी गाडी धरलीय. चोरीची आहे म्हणतायत. मी स्वतः बांधलीय सर, खुदा कसम. तुम्ही मास्तर आहात, तुम्ही आलात तर जरा ऐकून घेतील."

मी गेलो. पाऊस रिपरिप पडत होता. नाक्याच्या कडेला एक मोटारसायकल उभी होती आणि तिच्याजवळ माझा जुना विद्यार्थी, हात मागे बांधून, शाळेत मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर उभा राहायचा तसाच. गाडी येझदी होती, एवढं मला कळलं. मडगार्ड कापून आखूड केलेले, सीट सपाट आणि लांब, दोन्ही बाजूंना दोन सायलेन्सर, टाकी जुनी पण घासूनपुसून चमकवलेली. नंबर प्लेटवरचा नंबर एमएच यायच्या आधीच्या काळातला. ड्युटीवरच्या साहेबांनी टॉर्च हँडलच्या मानेवर मारला आणि मला म्हणाले, "वाचा, मास्तर." मी वाचला. मग त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतलं आरसी बुक उघडून माझ्यापुढे धरलं. तोही नंबर वाचला. दोन्ही नंबर वेगळे होते.

"आता सांगा," ते म्हणाले.

माझ्याकडे सांगायला काही नव्हतं. गाडी रात्रभर तिथेच राहिली, मग आवारात गेली आणि तीन दिवस तिथे भिजली. मुलगा नंतर मला म्हणाला, नाव विचारल्यावर त्यांचा आवाज बदलला. असेल. तेव्हा मी तिथे नव्हतो, आणि असे आवाज बदलताना मी स्वतः पुष्कळदा ऐकले आहेत, म्हणून त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण नंबर खरोखरच जुळत नव्हते. नावामुळे आपल्याकडे जास्त बारकाईने पाहिलं जातं ही तक्रार रास्त आहे. मग आपला कागद इतरांपेक्षा जास्त पक्का का नसतो, हा प्रश्नही तितकाच रास्त आहे. आजचा लेख या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे. पहिल्याबद्दल इथे बरंच लिहून झालं आहे.

आधी त्या मुलाबद्दल सांगतो. तो नववीत माझ्याकडे उर्दू आणि मराठी, दोन्ही विषयांना होता. दोन्हींत काठावर. हाताला कायम ग्रीसचा वास. एकदा निबंधाची वही कोरी आणली म्हणून मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "अभ्यास केला नाहीस तर गॅरेजमध्ये जाशील." तो अगदी सरळपणे म्हणाला, "सर, मी तर रोज संध्याकाळी जातोच." वर्ग हसला. मला तो उद्धटपणा वाटला आणि मी त्याला बाहेर उभं केलं. त्याच वर्षी त्याचे वडील गेले आणि दहावीला तो आलाच नाही. पटावर गैरहजर, गैरहजर, मग नाव कमी. मी एकदाही त्याच्या घरी गेलो नाही. गॅरेज माझ्या घरापासून दहा मिनिटांवर आहे, तिथेही गेलो नाही. बीएड करताना शैक्षणिक मानसशास्त्राच्या पेपरात मला चांगले गुण होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

गाडी आवारात होती तेव्हा मी त्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा बसलो. तिथे उस्ताद भेटले. साठी ओलांडलेले, कानाने इंजिन तपासणारे. त्यांनी चहा मागवला आणि मला गाडीची हकीकत सांगितली.

वडिलांची येझदी रोडकिंग घरामागे सात-आठ वर्षं पत्र्याखाली पडून होती. चेसिसला इंजिनच्या मागच्या बाजूला, चिमटा जिथे बसतो तिथे, तडा गेलेला. पुढचे शॉकअप गंजलेले, क्रँक जाम. दुसरी रोडकिंग मुलाला भंगारवाल्याकडे मिळाली. तिचं इंजिन अर्धं गायब, टाकी सडलेली, पण चेसिस सरळ, चाकं चांगली, आणि पेटीत वेगळा काढून ठेवलेला क्रँक चांगल्या अवस्थेत. मुलाने केलं ते कोणत्याही मिस्त्रीने केलं असतं. चांगलं ते घेतलं, वाईट ते सोडलं. भंगारातल्या सरळ चेसिसवर वडिलांचं इंजिन चढवलं, त्यात भंगारातला क्रँक बसवला, वर वडिलांची टाकी, आणि शेवटी वडिलांची नंबर प्लेट.

ऐकायला सोपं वाटतं. मीही तसंच म्हणालो, "एकाच मॉडेलच्या दोन गाड्या, म्हणजे नट काढा, नट लावा." उस्ताद हसले. म्हणाले, "मास्तर, तुमच्या वर्गात एकाच इयत्तेची साठ पोरं असतात. एकाचा सदरा दुसऱ्याला बसतो का?" मग त्यांनी एक एक गोष्ट दाखवली. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक ज्या पेटीत फिरतो, त्या पेटीतूनच पेट्रोल, हवा आणि तेलाचं मिश्रण ओढलं जातं आणि दाबलं जातं. म्हणून ती पेटी हवाबंद हवी. क्रँकच्या टोकांवरचं ऑइल सील जरा जरी गळलं तर इंजिन हवा ओढतं, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि पुन्हा जाम. पेटीचे दोन अर्धे भाग कारखान्यात जोडीने बोअर केलेले असतात, एकाचा डावा आणि दुसऱ्याचा उजवा असं चालत नाही. क्रँक दुसऱ्या गाडीचा घातला तर बेअरिंग नवीन, दोन्ही बाजूंची जागा पातळ वॉशर घालून मोजून घ्यायची. मग चेन. इंजिनचं छोटं चक्कर आणि मागच्या चाकाचं मोठं चक्कर एका रेषेत नसेल तर चेन महिनाभरात दात खाते. ती रेष पोराने दोरी ताणून आणि लोखंडी पट्टी धरून जुळवली होती. मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत दोन्ही बाजूंनी दोरी धरायची, दोरी कुठे टेकते आणि कुठे सुटते ते बघायचं. नववीच्या भूमितीत समांतर रेषांवर हा मुलगा नापास झाला होता. तेव्हा त्याला दोरी कुणी दिली नव्हती.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे मला एका वेगळ्याच गोष्टीत रस वाटला. येझदी हे नाव इराणमधल्या यझ्द शहरावरून आलं. म्हैसूरला आयडियल जावा ही कंपनी 1960 च्या सुमारास उभी करणाऱ्या इराणी कुटुंबाचं मूळ तिकडचं. फारसीचा तोच शेवटचा ईकार, जो देहलवीत आहे आणि दख्खनीतही आहे. या कंपनीने आधी जावा बनवली, 1973 पासून येझदी हे नाव लावलं आणि 1996 मध्ये कारखाना बंद पडला. जावा हे नाव त्याहून गमतीचं आहे. चेकोस्लोव्हाकियातले फ्रान्टिशेक यानेचेक यांनी 1929 मध्ये वांडरर या जर्मन कंपनीकडून मोटारसायकलचं डिझाइन विकत घेतलं आणि दोन्ही नावांची पहिली दोन-दोन अक्षरं जोडून नाव केलं. म्हणजे ज्या घराण्यातली ही गाडी, त्या घराण्याचं नावच मुळात जोडकाम. मी हे उस्तादांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "अच्छा," आणि कार्ब्युरेटर धुवायला लागले.

गॅरेजच्या भिंतीवर एका परदेशी मोटारसायकलचं चित्र चिकटवलेलं होतं. मुलानेच लावलेलं. खाली पेनाने देवनागरीत लिहिलं होतं, "ट्रायटन". मी विचारलं तर म्हणाला, "सर, दोन गाड्यांची एक. इंग्लंडमध्ये करायचे. तीच बघून मला सुचलं." मग मी घरी जाऊन वाचलं, आणि जे वाचलं ते या लेखासाठी महत्त्वाचं आहे.

1950 मध्ये नॉर्टन या ब्रिटिश कंपनीने आपल्या शर्यतीच्या गाड्यांना नवी चेसिस दिली. बेलफास्टच्या मॅककँडलेस बंधूंनी ती बनवली होती. वळणावर ती इतकी स्थिर आणि आरामशीर होती की तिला फेदरबेड, म्हणजे पिसांची गादी, असं नाव पडलं. दुसरीकडे ट्रायम्फ कंपनीचं दोन सिलिंडरचं इंजिन जोरदार, पण त्या गाड्यांच्या चेसिसबद्दल लोक तितकंसं चांगलं बोलत नसत. तेव्हा तरुणांनी नॉर्टनची चेसिस आणि ट्रायम्फचं इंजिन एकत्र केलं. ट्रायम्फमधला ट्राय, नॉर्टनमधला टन. यात आणखी एक गंमत झाली. त्या काळी 500 सीसी इंजिनच्या छोट्या रेसिंग कार लोकप्रिय होत्या आणि त्यांना नॉर्टनचं इंजिन हवं असायचं. कंपनी सुटं इंजिन विकत नव्हती. म्हणून कारवाले अख्खी मोटारसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून घ्यायचे आणि बिनइंजिनाची चेसिस तशीच उरायची. म्हणजे ट्रायटनचा निम्मा भाग तरी कुणाच्या तरी उरल्यासुरल्यातून आला. आमच्या भंगारवाल्याची गल्ली थोडी मोठी केली की झालं.

हे काम आमच्या पोराच्या कामापेक्षा कितीतरी अवघड होतं, कारण दोन कंपन्यांची मापं कुठेच जुळत नव्हती. इंजिन बसवायच्या पट्ट्या हाताने कापाव्या लागायच्या, चेनची रेष नव्याने आखावी लागायची, इंजिन जरा पुढे की जरा मागे यावर गाडीचा तोल ठरायचा. या पोरांचा अड्डा लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवरचं एस कॅफे. बहुतेक कामगार वर्गातली मुलं. वर्तमानपत्रांनी त्यांना गुंड ठरवलं होतं. आणि त्याच वर्षांत, 1965 मध्ये, बार्सिलोनाची चोवीस तासांची शर्यत डेव्ह डेगन्स आणि रेक्स बुचर यांनी अशाच एका ट्रायटनवर जिंकली. आज चांगली ट्रायटन लिलावात जाते आणि लोक तिच्यासमोर उभं राहून फोटो काढतात.

मला त्या हकीकतीत सर्वांत जास्त कोण भिडलं असेल, तर बिल शेरगोल्ड नावाचे एक पाद्री. ते स्वतः मोटारसायकल चालवायचे. 1962 मध्ये ते एस कॅफेत गेले आणि ज्या पोरांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्यांना म्हणाले, गाड्या घेऊन चर्चमध्ये या. पोरं आली. त्यातून मोटारसायकलवाल्यांचा मोठा क्लब उभा राहिला, तो अजून आहे. मी विचार केला, आपल्याकडे कोण जातं गॅरेजमध्ये? गाडी पंक्चर झाली की जातो, आणि मिस्त्री नमाजेला का दिसत नाही यावर दोन वाक्यं बोलून परत येतो. मौलाना जात नाहीत. मास्तर जात नाहीत. मुस्लीम शिक्षणावर परिषदा घेणारे आम्ही सगळे त्या परिषदेला ज्या गाडीवरून जातो, ती गाडी कुणी दुरुस्त केली हे आम्हाला ठाऊक नसतं.

मी मिरजेत राहतो. या गावात सतार आणि तंबोरा बनतो. तलवारींना पाणी द्यायचा, धार लावायचा धंदा संपत आला तेव्हा एकोणिसाव्या शतकात शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी वाद्यं बनवायला घेतली, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. गावातला प्रत्येक माणूस, हिंदू असो वा मुसलमान, ही गोष्ट पाहुण्यांना छाती फुगवून सांगतो. मीही सांगतो. पण ते पूर्वज त्यांच्या काळी लोखंडाला हात घालणारे, काळ्या हातांचे लोकच होते. गॅरेजमधल्या पोराला आपण "वाया गेला" म्हणतो आणि त्यांना "घराणं" म्हणतो. मधे फक्त दीडशे वर्षं गेलेली आहेत.

तर गाडी. कायदा काय सांगतो ते मी त्या तीन दिवसांत शिकलो, आणि ते सोप्या शब्दांत इथे लिहितो, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचा तरी भाऊ किंवा पुतण्या या क्षणी अशीच गाडी बांधत असेल. कायद्याच्या नजरेत गाडी म्हणजे टाकी नाही, सीट नाही, वडिलांची आठवण तर नाहीच. गाडी म्हणजे चेसिसवर ठोकलेला नंबर आणि त्याच्या जोडीला इंजिनचा नंबर. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे आरसीतला तपशील आणि प्रत्यक्ष गाडी यांत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. इंजिन बदलायचं तर नोंदणी करणाऱ्या कार्यालयाची मंजुरी घेऊन आरसीत नोंद करून घ्यावी लागते. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच आणखी ठामपणे सांगितलं. आणि एखादी गाडी कायमची मोडीत निघाली तर कलम 55 प्रमाणे तिची नोंदणी रद्द करायला कळवावं लागतं. हे शेवटचं जवळजवळ कुणी करत नाही. म्हणून भंगारात पडलेली प्रत्येक चेसिस कागदावर कुणाच्या तरी नावावर जिवंत असते.

म्हणजे आमच्या पोराने इंजिनिअरिंगच्या दृष्टीने बरोबर आणि कागदाच्या दृष्टीने नेमकी उलटी निवड केली होती. त्याने सरळ चेसिस घेतली. ती परक्याची होती. वडिलांची गाडी म्हणून तो जी चालवत होता ती कायद्याने वडिलांची गाडीच नव्हती.

गॅरेजवर त्या संध्याकाळी चार-पाच जण जमले होते. त्यातल्या एकाने, चांगल्या भावनेनेच, सुचवलं, "एवढं काय त्यात. चेसिसचा नंबर घासून टाक, वडिलांचा ठोकून घे. पाचशे रुपयांचं काम." सगळे गप्प झाले. खरं सांगतो, मीही एक क्षण गप्प होतो, कारण पोराची कमाई आणि सहा महिन्यांचं काम डोळ्यांपुढे होतं. उस्तादांनी हातातला पाना बाकावर ठेवला आणि म्हणाले, "या दुकानात नंबरला पंच लागणार नाही. माझे उस्ताद गेले तेव्हा मला हत्यारांची पेटी देऊन गेले. त्यात पंच नव्हता." नंबर घासणं आणि खोटा ठोकणं हा उघड गुन्हा आहे. ज्या मुलावर चोरीचा संशय आला आहे, त्याला त्या संशयातून सोडवायला खऱ्या गुन्ह्यात ढकलायचं, असा हा सल्ला होता. असे सल्ले आपल्या मोहल्ल्यात फार स्वस्त मिळतात आणि ते देणाऱ्याला कधीच तुरुंगात जावं लागत नाही.

पुढचं काम दोन आघाड्यांवर झालं. भंगारातल्या चेसिसच्या नंबरवरून मूळ मालकाचा शोध लागला. जत तालुक्यातल्या एका वाडीतले आजोबा. आम्ही दोघं एसटीने गेलो. आजोबांना आधी वाटलं आम्ही वसुलीला आलो. मग गाडीचं नाव निघालं आणि त्यांनी आतून एका डब्यातून आरसी बुक काढून आणलं, वाळवी लागलेलं पण वाचता येणारं. गाडी भंगारात त्यांच्या मुलाने दिली होती. त्यांनी तसं लिहून दिलं, खाली सही केली, आम्हाला शेंगदाण्याची चटणी-भाकरी खायला घातली आणि निघताना मुलाला विचारलं, "कुठपर्यंत चालते रं अजून?" चोरीची तक्रार कुठेच नव्हती. ते पत्र, भंगारवाल्याने कुरकुरत दिलेली पावती आणि दंड, एवढ्यावर गाडी परत मिळाली. त्या गाडीची नोंदणी रद्द करायचा अर्ज आजोबांच्या सहीने गेला.

आणि गॅरेजमध्ये पोराने सहा महिन्यांचं काम दोन दिवसांत खोललं. मला वाटलं होतं की तो खचेल. तो मला म्हणाला, "सर, मी विचार केला. नंबर चेसिसवर असतो आणि इंजिनच्या केसवर असतो. क्रँकवर नसतो, शॉकअपवर नसतो, चाकावर नसतो. अब्बांची चेसिस आणि अब्बांची केस ठेवायची, बाकी सगळं त्या गाडीचं चढवायचं. मग कागद बदलावाच लागणार नाही." मी त्याच्याकडे बघत राहिलो. कायद्याची दोन कलमं मी तीन दिवस वाचत होतो. त्याने ती ऐकली आणि त्यातून नेमकी वाट काढली. काहीही न लपवता.

अवघड होती ती तडा गेलेली चेसिस. उस्तादांकडे जुन्या गर्डरच्या चॅनलचा एक साचा आहे, त्यात चेसिस पकडली, वाक काढला, तडा गेलेल्या नळीच्या आत बारीक नळीचा तुकडा सरकवला आणि मग वेल्डिंग केलं. एका बाजूने सलग नाही, थोडं इकडे, थोडं तिकडे, नाहीतर उष्णतेने चेसिस पुन्हा ओढली जाते. मग परत दोरी. तीन वेळा दोरी धरली. तिसऱ्यांदा मी एक टोक पकडलं होतं.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. वडिलांची गाडी कागदावर अजून वडिलांच्याच नावावर होती. मालक वारला तर वारसाच्या नावावर करायला नमुना 31. पंधरा वर्षं उलटल्यामुळे नोंदणीचं नूतनीकरण, नमुना 25. पर्यावरण कर वेगळा. शिवाय जोडीला एक साधा अर्ज, की गाडी अमुक वर्षांपासून बंद होती, दुरुस्ती अशी अशी केली आहे, चेसिस आणि इंजिन क्रमांक मूळचेच आहेत, तपासणी व्हावी. एजंटने या सगळ्याचे जे पैसे सांगितले त्यात तिसरी येझदी आली असती. आम्ही म्हटलं, आपणच लिहू. मी कागद आणि पेन मुलाच्या हातात दिलं. त्याने वर लिहिलं, "मा. मुख्याध्यापक साहेब यांस". आणि खाली, "विषय: दोन दिवसांची रजा मिळणेबाबत".

तो चेष्टा करत नव्हता. त्याला अर्ज म्हणून तेवढा एकच येत होता. आणि तो मी शिकवला होता. पाचवीपासून नववीपर्यंत आम्ही मुलांकडून रजेचा अर्ज लिहून घेतो, ग्रंथालयाला पुस्तकांची मागणी करणारं पत्र लिहून घेतो, मित्राला वाढदिवसाच्या शुभेच्छा लिहून घेतो. ज्या मुलाच्या घरात एक गाडी मेलेल्या माणसाच्या नावावर आहे, घर आजोबांच्या नावावर आहे, रेशन कार्डावर नाव चुकलेलं आहे, त्याला मी रजा मागायला शिकवलं. उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी कशाला, असं विचारणारे पालक मला दरवर्षी भेटतात, आणि मी त्यांना राज्याची भाषा, नोकरी, स्पर्धा परीक्षा असली उत्तरं देतो. नाक्यावर टॉर्चच्या उजेडात आरसी वाचता यावी म्हणून, हे उत्तर मला कधी सुचलं नाही.

सच्चर समितीने 2006 मध्येच सांगितलं की मुसलमान कामगारांत स्वतःचा छोटा धंदा करणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. त्या अहवालावर आपण वीस वर्षं भाषणं केली. पण स्वतःचा धंदा म्हणजे पावती, परवाना, अर्ज, करार. हे सगळं मराठीत. माझ्यासारख्या शिक्षकाने तरी त्या अहवालातून हा अर्थ काढायला हवा होता. "हुनर आहे, पोरगं उपाशी मरणार नाही" असं म्हणून आपण मोकळे होतो. हुनराने ते उपाशी मरत नाही, खरं आहे. आणि कागद नाही म्हणून ते कायम दुसऱ्याच्या दयेवर राहतं.

आयटीआयला मोटर मेकॅनिकच्या ट्रेडसाठी दहावी लागते. म्हणजे जो दहा वर्षं इंजिनं बांधतो आहे, तो इंजिन शिकायला अपात्र. यावर संतापता येईल, मीही संतापलो होतो. पण रस्ता आहे. दहावीला बाहेरून बसायला सतरा नंबरचा फॉर्म आहे. आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय केंद्राच्या 2015 च्या कौशल्य योजनेतही आहे. आमच्या शिक्षक-खोलीत मी विचारलं, हे किती जणांना ठाऊक आहे? सतरा नंबर सगळ्यांना ठाऊक होता. आपल्या सोडून गेलेल्या विद्यार्थ्याला तो नेऊन किती जणांनी दिला? तिथे मीच पहिला गप्प होतो.

मुलाने अर्ज पुन्हा लिहिला. मी सांगितलं नाही, फक्त समोर बसलो. "विषय: वडिलांची मोटारसायकल माझ्या नावे करणे व तपासणीबाबत." "दुरुस्ती" या शब्दाशी तो अडला, पहिला उकार की दुसरा. मग मला विचारलं, "सर, चिमट्याला मराठीत काय म्हणायचं?" मी म्हणालो, "चिमटाच लिही." त्याने लिहिलं. खाली सही उर्दूत केली, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, चालते.

सतरा नंबरचा फॉर्म मी आणून दिला आहे. तो अजून टूलबॉक्सच्या वरच्या कप्प्यात पडला आहे, त्यावर ग्रीसचा एक अंगठा उमटला आहे, आणि तो भरणार की नाही हे मला माहीत नाही. नववीला यंदापासून मी आरसी बुकाची झेरॉक्स घेऊन एक तास शिकवतो. पहिल्याच दिवशी एक मुलगी म्हणाली की तिच्या घरची रिक्षा मामांच्या नावावर आहे आणि मामा सौदीला आहेत. त्या तासाची घंटा झाल्यावरही आम्ही बसून होतो.

गाडीच्या तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारी आहे. उस्ताद म्हणतात, त्याआधी मागचा ब्रेक एकदा खोलून बघायला हवा.